ओकापी : दुभंगलेल्या खुरांचा ठसा आणि एका फसलेल्या सफारीची गोष्ट

१/
साल १९००. मध्य आफ्रिकेतील सेमलिकी नदीच्या पलीकडे पसरलेले इतुरीचे अरण्य. पुढे चालणारा वाटाड्या थांबतो, ओल्या मातीवर वाकतो आणि एक ठसा दाखवतो. ज्याच्या शोधात ही मंडळी आली आहेत, तोच हा प्राणी, असे तो सांगतो. सोबतचा इंग्रज अधिकारी ठसा निरखून पाहतो. खूर मधोमध दुभंगलेला आहे. अधिकाऱ्याला हवा आहे घोड्यासारखा एकसंध खूर. वाटाड्याची काही चूक होत आहे, असे मानून तो पुढे निघतो. चूक वाटाड्याची नव्हती.

२/
तो प्राणी होता ओकापी. खांद्यापाशी सुमारे दीड मीटर उंच, मखमली तपकिरी अंगाचा, मांड्यांवर व पायांवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे असलेला आणि मोठाल्या कानांचा. जिराफाचा हा एकमेव हयात जवळचा नातलग. जगातील सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी बहुतेकांची शास्त्रीय नोंद १९व्या शतकापर्यंत पूर्ण झाली होती. हा मात्र १९०१पर्यंत युरोपीय विज्ञानाच्या नजरेतून निसटत राहिला. तो का निसटला आणि अखेर कोणाच्या ज्ञानामुळे सापडला, याचा हा धागा.

३/
प्रारंभी एका शब्दाविषयी. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द; अर्थ केवळ ‘प्रवास’. त्याचे मूळ अरबीतील ‘सफर’ या शब्दात आहे. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आला आणि येथे स्थिरावला. आज सफारी म्हटले की मोजके पर्यटक, तंबूंचा तळ, उघडी जीप आणि एक जाणता मार्गदर्शक डोळ्यांसमोर येतो. १९व्या शतकाच्या अखेरीस तिचा अर्थ होता डोक्यावर ओझी वाहणाऱ्या हमालांची रांग, बंदूकधारी शिपाई आणि अग्रभागी एखादा गोरा अधिकारी. एक गोष्ट मात्र तेव्हाही तीच होती : जंगल ज्याला वाचता येत असे, तो माणूस त्या मुलखातलाच असे.

४/
ओकापीचा पहिला गाजलेला छापील उल्लेख हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याच्या ग्रंथात सापडतो. १८८७ ते १८८९ या काळात एमिन पाशाच्या सुटकेसाठी निघालेल्या मोहिमेचा तो प्रमुख होता. त्या मोहिमेने इतुरीचे अरण्य ओलांडले. उपासमार, ज्वर आणि संघर्ष यांत त्याच्या तांड्यातील शेकडो माणसे दगावली. वाटेतील गावांनाही लूट आणि हिंसा सोसावी लागली. या प्रवासाचे वर्णन १८९० साली ‘इन डार्केस्ट आफ्रिका’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि युरोपात त्याच्या प्रती झपाट्याने खपल्या.

५/
त्या जाडजूड ग्रंथात एक अगदी लहानशी नोंद आहे. अरण्यातील लोकांना गाढवासारखा एक प्राणी ठाऊक असून ते त्याला ‘अट्टी’ म्हणतात. कधीकधी तो त्यांच्या खड्ड्यांत सापडतो. आणि तो पाने खातो, असा तिचा आशय. हा प्राणी तेथे खातो तरी काय, याचे स्टॅन्लीला नवल वाटले. या नोंदीतील शेवटचा तपशील सर्वांत मोलाचा होता. घोडा, गाढव, झेब्रा हे मुख्यतः गवतावर जगणारे प्राणी. ज्या अरण्यात गवताळ माळच नाही, तेथे पाने खाऊन राहणारे ‘गाढव’ कसे असेल? हा प्रश्न नोंदीतच दडलेला होता. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी ११ वर्षे लागायची होती.

६/
ही नोंद मनात धरून ठेवणारा माणूस म्हणजे सर हॅरी जॉन्स्टन. जन्म १८५८. चित्रकार, भाषाभ्यासक, निसर्गनिरीक्षक आणि त्याच वेळी ब्रिटिश साम्राज्यविस्ताराचा एक उत्साही हस्तक. काँगोच्या काठी स्टॅन्लीशी त्याची भेट १८८३ सालीच झाली होती. आफ्रिकेच्या अंतर्भागात एखादा अज्ञात मोठा प्राणी असावा, ही कल्पना त्याच्या मनात बालपणी वाचलेल्या निसर्गविषयक पुस्तकांपासून घर करून होती. १८९९ साली त्याची युगांडाचा विशेष आयुक्त म्हणून नेमणूक झाली आणि इतुरीचे अरण्य त्याच्या कार्यक्षेत्राच्या सीमेला येऊन भिडले.

७/
संधी आली ती एका लाजिरवाण्या प्रकरणातून. एका जर्मन व्यावसायिकाने इतुरीतील काही अरण्यवासी लोकांना पळवून नेण्याचा घाट घातला होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना तिकीट लावून दाखवायचे, हा त्याचा बेत होता. मानवप्राण्यांचे असे ‘प्रदर्शन’ त्या काळच्या युरोपात अपवादात्मक नव्हते. जॉन्स्टनने त्या लोकांची सुटका केली, त्यांना काही काळ आपल्याकडे ठेवून घेतले आणि नंतर स्वतः त्यांच्या मुलखात परत पोहोचवण्यास निघाला.

८/
युरोपीय लेखनात या लोकांना सरसकट ‘पिग्मी’ म्हटले गेले. उंचीवरून दिलेले हे नाव आज अनेकांना अवमानकारक वाटते. इतुरीतील हे लोक म्हणजे म्बुटी. जाळी आणि धनुष्यबाण यांनी शिकार करणारे, मध गोळा करणारे आणि शेतकरी शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करून जगणारे. जॉन्स्टनने त्यांना स्टॅन्लीच्या ‘गाढवा’विषयी विचारले. त्यांनी तत्काळ वर्णन केले : अंग गडद, पाय व मांड्या पट्टेदार. त्यांच्या उच्चारात नाव होते ‘ओआपि’. शेजारच्या जमातीच्या तोंडी तेच ‘ओकापि’ होत असे. युरोपने उचलले ते हे दुसरे रूप.

९/
येथे जॉन्स्टनच्या मनात एक समीकरण तयार झाले. स्टॅन्ली म्हणतो गाढव. म्बुटी म्हणतात पट्टे. म्हणजे हा अरण्यात राहणारा झेब्राच असला पाहिजे. तर्क वरवर निर्दोष दिसतो. परंतु त्याचा पाया होता एका प्रवाशाने केलेली तुलना. ‘गाढव’ हा शब्द ओळख पटवण्यासाठी, जवळचे उदाहरण म्हणून आला होता. वर्गीकरण म्हणून तो कोणीच सांगितला नव्हता. उपमेचे निदान झाले आणि पुढील सर्व पुरावा त्या निदानाच्या मापाने मोजला जाऊ लागला.

१०/
म्बुटींना परत पोहोचवत जॉन्स्टन सेमलिकी ओलांडून म्बेनी येथील ठाण्यावर आला. हा मुलूख ‘काँगो स्वतंत्र राज्य’ या नावाने ओळखला जाई. नाव स्वतंत्र राज्याचे. प्रत्यक्षात १८८५ पासून ती बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होती. ठाण्यावरील म्यूरा नावाच्या बेल्जियन लेफ्टनंटला आणि कार्ल एरिक्सन या स्वीडिश अधिकाऱ्याला हा प्राणी अपरिचित नव्हता. जिवंत प्राणी त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता. पण मारून आणलेल्या ओकापीचे मांस आणि कातडे त्यांनी पाहिले होते.

११/
अखंड कातडे तेथे शिल्लक नव्हते. मिळाले ते तुकडे. ठाण्यावरील आफ्रिकी शिपायांनी पट्टेदार कातड्याचे कमरपट्टे आणि काडतुसांचे पट्टे करून घेतले होते. जॉन्स्टनच्या हाती आलेला पहिला भौतिक पुरावा हाच. युरोपातील कोणत्याही संग्रहालयात ज्याचा केसही नव्हता, त्या प्राण्याचे कातडे येथे रोजच्या वापरात होते. आणि ते अंगावर बाळगणारे शिपाई ज्या राजवटीचे होते, तिने रबर आणि हस्तिदंत यांच्या सक्तीच्या वसुलीसाठी केलेले अत्याचार काही वर्षांतच, १९०४ च्या केसमेंट अहवालातून, जगापुढे आले. निसर्गविज्ञानाचा हा आनंददायी शोध त्या राजवटीच्या वाटांवरूनच चालला होता.

१२/
आता जॉन्स्टनला जिवंत ओकापी पाहायचा होता. काही सोबती आणि वाटाडे घेऊन तो अरण्यात शिरला. धाग्याच्या आरंभी आलेला प्रसंग या सफारीतील. वाटाड्यांनी त्याला ओकापीची पावले दाखवली. ती दुभंगलेल्या खुरांची होती. झेब्र्याच्या एकसंध खुराची अपेक्षा धरून बसलेल्या जॉन्स्टनने ती एखाद्या मोठ्या हरणाची ठरवली. पुढे ज्वराने त्याच्या मंडळींना ग्रासले, दमट हवेत मुक्काम करणे अशक्य झाले आणि सफारी रिकाम्या हाताने माघारी फिरली. जंगलातला जिवंत ओकापी जॉन्स्टनला कधीच दिसला नाही.

१३/
ही चूक आळसाची नव्हती, अज्ञानाचीही नव्हती. जॉन्स्टन जाणकार होता. त्याने योग्य माणसांना योग्य प्रश्न विचारले होते. त्याने म्बुटींचे वर्णन स्वीकारले, त्यांचा शब्द स्वीकारला, कातडेही स्वीकारले. फक्त जेथे त्यांचे ज्ञान त्याच्या सिद्धांताशी जुळेना, तेथे त्याने त्यांच्याऐवजी सिद्धांतावर भरवसा ठेवला. स्थानिक माणूस ‘माहिती’ देतो आणि तिचा ‘अर्थ’ लावायचा तो बाहेरून आलेल्या विद्वानाने, ही त्या काळातील श्रमविभागणी. ओल्या मातीवरील त्या ठशापाशी ती उघडी पडली.

१४/
कातड्याचे तुकडे लंडनला गेले. तेथील प्राणिशास्त्रीय संस्थेचा सचिव फिलिप स्क्लेटर याने ते संस्थेपुढे मांडले. १९०१ च्या आरंभी या अज्ञात प्राण्याला तात्पुरते नाव मिळाले : ‘इक्वस जॉन्स्टोनाय’. ‘इक्वस’ म्हणजे घोडा, गाढव, झेब्रा यांची प्रजाती. दोन पट्टेदार तुकड्यांवरून याहून अधिक काही ठरवणेही कठीणच होते. अशा रीतीने स्टॅन्लीच्या एका ओळीतील ‘गाढव’ आता लॅटिन नावाच्या रूपाने शास्त्राच्या दप्तरी नोंदले गेले.

१५/
निघण्यापूर्वी जॉन्स्टनने म्बेनीच्या अधिकाऱ्यांकडून अखंड कातडे मिळवून देण्याचे आश्वासन घेतले होते. म्यूरा लवकरच मरण पावला. एरिक्सनने शब्द पाळला : एक कातडे आणि दोन कवट्या त्याने युगांडात जॉन्स्टनकडे धाडल्या. त्या पाहताच जॉन्स्टनला आपली चूक उमगली. हा घोड्याचा आप्त नव्हताच. दात आणि कवटी यांची ठेवण जिराफाकडे बोट दाखवत होती. अरण्यात नाकारलेली ती दुभंगलेली पावले खरी होती. आपली ही फसगत त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली, हे त्याच्या पारड्यात टाकले पाहिजे.

१६/
येथे कथेला एक भारतीय धागा येऊन मिळतो. जिराफकुल आज दोनच प्रकारच्या प्राण्यांपुरते उरले आहे. परंतु प्राचीन काळी त्याचा विस्तार मोठा होता. १८३६ साली ह्यू फॉकनर आणि प्रॉबी कॉटली यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या एका प्रचंड जीवाश्माला शिवाच्या नावावरून ‘सिवाथेरियम’ असे नाव दिले होते. तोही जिराफकुलातलाच. ग्रीसमधील पिकर्मी येथेही ‘हेलाडोथेरियम’ हा बिनशिंगांचा नातलग जीवाश्मरूपात मिळाला होता. जॉन्स्टनला आपला प्राणी या हेलाडोथेरियमचाच जिवंत वंशज वाटला.

१७/
अंतिम निर्णय दिला एडविन रे लँकेस्टर याने. तो तेव्हा लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक होता. हा प्राणी घोडा नव्हे आणि हेलाडोथेरियमही नव्हे. जिराफकुलातील ही एक स्वतंत्र प्रजाती आहे, असे त्याने १९०१ मध्येच दाखवून दिले. जिराफकुलाची एक खात्रीची खूण म्हणजे खालच्या जबड्यातील दोन पाळ्यांचा सुळा. ती ओकापीतही आढळते. लँकेस्टरने प्रजातीचे नाव ठेवले ‘ओकापिया’. पूर्ण नाव झाले ‘ओकापिया जॉन्स्टोनाय’.

१८/
या द्विनामात सारा इतिहास सामावला आहे. पूर्वार्ध इतुरीच्या लोकांच्या तोंडचा, उत्तरार्ध एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा. अरण्याचा शब्द टिकला. पण तो सांगणाऱ्यांपैकी एकाचेही नाव नोंदींत आले नाही. ज्या वाटाड्याने योग्य ठसा दाखवला, तो इतिहासात निनावी राहिला. ज्याने तो नाकारला, त्याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

१९/
पुढे ओकापीला आणखी एक भूमिका मिळाली. दंतकथेतील अद्‍भुत प्राणी खरोखर अस्तित्वात असू शकतात, याचे उदाहरण म्हणून त्याचा दाखला दिला जाऊ लागला. अशा ‘गूढ’ प्राण्यांच्या शोधासाठी १९८२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर ओकापीलाच आपले बोधचिन्ह केले. परंतु ओकापी दंतकथा होता, तो कोणासाठी? म्बुटी त्याच्या वाटा जाणत होते, त्या वाटांवर खड्डे खणत होते, त्याचे मांस खात होते. गूढ होते ते फक्त लंडनच्या नकाशावर. हिममानवाच्या पंक्तीत ओकापीला बसवताना हा फरक हरवतो.

२०/
तो नजरेस का पडत नसे, यालाही ठोस कारणे आहेत. ओकापी बहुधा एकटा वावरतो. त्याची श्रवणशक्ती तीक्ष्ण. माणसाची चाहूल लागताच तो दाट झाडीत नाहीसा होतो. पायांवरील पट्टे पानांतून झिरपणाऱ्या उजेडात मिसळून जातात. निळसर काळ्या लांब जिभेने तो फांद्यांवरची पाने ओरबाडतो. मात्र त्याची एक सवय त्याला नडते : ठरलेल्या पायवाटांनी जाण्याची. म्हणूनच गोंगाट करत फिरणाऱ्या सशस्त्र तांड्यांना तो कधी दिसला नाही आणि वाटेवर खड्डा खणून स्वस्थ बसणाऱ्या शिकाऱ्याला तो मिळत गेला.

२१/
१९०१ नंतर युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत ओकापी मिळवण्याची चढाओढ लागली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९०९ साली दोघांना काँगोत पाठवले : हर्बर्ट लँग आणि अवघ्या १९ वर्षांचा जेम्स चॅपिन. मुख्य लक्ष्ये दोन, ओकापी आणि पांढरा गेंडा. दोन वर्षांची ठरलेली मोहीम १९१५ पर्यंत लांबली. सुमारे ५,८०० सस्तन प्राण्यांचे नमुने, त्याहून अधिक पक्षी आणि हजारो छायाचित्रे घेऊन ते परतले. दोन गोरे निसर्गतज्ज्ञ, असे वर्णन इतिहासात येते. त्यांची ओझी मात्र वर्षानुवर्षे हजारो आफ्रिकी हमालांच्या डोक्यावर होती.

२२/
लँगचा मार्ग जॉन्स्टनहून वेगळा होता. एका जागी दीर्घकाळ तळ टाकायचा, स्थानिक प्रमुखांशी संबंध जोडायचे आणि शिकार स्थानिक शिकाऱ्यांच्या पद्धतीवर सोपवायची. या मोहिमेला ओकापी मिळाले ते या सहकार्यामुळे. न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयातील ओकापीच्या देखाव्यापुढे आजही प्रेक्षक थांबतात. काचेआडचे अरण्य हुबेहूब वाटते. त्यात माणूस कोठेही नाही. ज्यांच्यामुळे तो प्राणी तेथवर पोहोचला, त्यांना देखाव्याच्या चौकटीबाहेर ठेवण्यात आले.

२३/
याच मोहिमेत जॉन्स्टनच्या चुकीची एक विलक्षण पुनरावृत्ती दडलेली होती. १९१३ च्या सुमारास चॅपिनला एका स्थानिक शिरोभूषणात एक अनोळखी पीस मिळाले. पक्षी कोणता, ते उमगेना. १९३६ साली बेल्जियममधील तेर्व्युरेन संग्रहालयात दोन जुने, पेंढा भरलेले पक्षी त्याच्या दृष्टीस पडले आणि त्याला ते पीस आठवले. त्या पक्ष्यांवर चिठ्ठी होती : भारतीय मोराची पिल्ले. प्रत्यक्षात तो होता काँगो मोर, आफ्रिकेचा स्वतःचा. कमरपट्टा काय, शिरोभूषण काय, पुरावा नेहमी लोकांच्या अंगावर होता. परक्या नावाची चिठ्ठी तेवढी त्यावर डकवलेली होती.

२४/
दरम्यान ओकापीचा प्रवास युरोपकडे सुरू झाला. १९१९ साली पहिला जिवंत ओकापी अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. तो काही आठवडेच जगला. पुढे इतुरीतील एपुलु येथे ओकापी पकडण्याचे केंद्र उभे राहिले. तेथील तंत्र कोणते? पायवाटेवर खणलेला आणि पानांनी झाकलेला खड्डा. स्टॅन्लीच्या १८९० च्या नोंदीत आलेलाच. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील ओकापींची आजची पिढी अशा रीतीने पकडलेल्या प्राण्यांपासून वाढली. म्हणजे संवर्धनशास्त्रानेही अखेर म्बुटींचेच तंत्र उसने घेतले.

२५/
१९३३ मध्ये ओकापीला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९२ साली इतुरीत सुमारे १३,७०० चौरस किलोमीटरचे ओकापी अभयारण्य घोषित झाले. १९९६ मध्ये ते जागतिक वारसा ठरले आणि लगेच पुढच्या वर्षी, युद्धाच्या छायेत, धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले. म्बुटी आणि त्यांचे शेतकरी शेजारी या क्षेत्रात आजही राहतात. अवैध सोनेखाणी, हस्तिदंताची तस्करी आणि सशस्त्र टोळ्या यांनी हे अरण्य पोखरले आहे. २०१३ साली ओकापीची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात झाली.

२६/
२४ जून २०१२ रोजी पहाटे एका सशस्त्र टोळीने एपुलु येथील केंद्रावर हल्ला चढवला. वनरक्षकांनी शिकारी आणि अवैध खाणी यांविरुद्ध केलेल्या कारवाईचा तो सूड होता. वनरक्षकांसह किमान सहा माणसे मारली गेली. केंद्रात सांभाळलेले सर्व १४ ओकापी या हल्ल्यात दगावले. त्यांतील काही तेथे अनेक वर्षे, माणसांच्या सहवासात राहिले होते. माणसाची चाहूल लागताच पळण्याची जी सवय ओकापीला शतकानुशतके तारत आली, ती या प्राण्यांना उरली नव्हती.

२७/
तरीही कथेचा शेवट येथे होत नाही. सेमलिकीच्या खोऱ्याचा काही भाग आज विरुंगा राष्ट्रीय उद्यानात येतो. जॉन्स्टनने सफारी काढली, तो हाच परिसर. १९५९ नंतर विरुंगात ओकापीची खात्रीची नोंद नव्हती. २००६ सालच्या सर्वेक्षणात तेथे पुन्हा पावले आढळली. दुभंगलेल्या खुरांची. या वेळी ती पाहणाऱ्यांनी तिथेच स्वयंचलित कॅमेरे लावायचे ठरवले.

२८/
२००८ मध्ये त्या कॅमेऱ्यांनी ओकापी टिपला. मुक्त अरण्यातील ओकापीची ती पहिली छायाचित्रे मानली गेली. ती प्रसिद्ध करणारी संस्था होती लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था. १९०१ साली याच संस्थेने दोन कातडी तुकड्यांना घोड्याचे नाव दिले होते. मधल्या १०७ वर्षांत प्राणी बदलला नव्हता, त्याच्या वाटा बदलल्या नव्हत्या, त्याचे ठसेही तसेच होते. बदल एवढाच झाला, की मातीवरच्या ठशावर आता विश्वास ठेवला गेला.

(धागा समाप्त)